'प्रशासकच बरा' म्हणणाऱ्यांना शिकागोहून

मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, कारभार प्रशासकांच्या हाती गेला, आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका काही वर्षे लांबल्या. त्या काळात पुण्यातल्या माझ्या माणसांशी फोनवर बोलताना एकच सूर ऐकू यायचा. नगरसेवक नाहीत तेच बरं. टक्केवारी नाही, वाढदिवसांचे फ्लेक्स नाहीत, कुणाच्या संपर्क कार्यालयात ताटकळणं नाही. निवडणुकीचा विषय निघाला की हा सूर आजही लागतो.

माझे एक काका निवृत्त अभियंते आहेत. आयुष्यभर नळपाणी योजनांची कामं केली, नगरसेवकांचा जाच पुरेपूर सोसला. ते थेट अमेरिकेचाच दाखला देतात. "अगं, तुमच्याकडे गाव चालवायला मॅनेजर नेमतात ना? शिकलेला माणूस, ठरलेला पगार, राजकारणाशी संबंध नाही. आपल्याकडे तसं केलं तर काय बिघडलं?" पाठोपाठ चुलतभाऊ म्हणतो, "आणि निवडणूक घ्यायचीच, तर उमेदवार निदान पदवीधर हवा. खरं तर मतदारसुद्धा शिकलेलाच हवा."

काकांची माहिती खरी आहे. मी शिकागोच्या ज्या उपनगरात राहते तिथे नेमलेला मॅनेजर कारभार पाहतो. रात्री बर्फ पडला तर सकाळी लोक कामाला निघण्याआधी रस्ते मोकळे झालेले असतात. कचऱ्याचा वार चुकत नाही. गावच्या मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका आधी जाहीर होते, इतिवृत्त नंतर वाचायला मिळतं, आणि बैठकीत कुणालाही उठून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. ती कुठून आली हे शोधताना मी या देशातल्या सुरुवातीच्या समाजसुधारकांपर्यंत पोचले. साधारण १८९० ते १९२० हा त्यांचा काळ, इथे त्याला 'प्रोग्रेसिव्ह एरा' म्हणतात. त्यांच्याविषयी वाचल्यावर माझा आदर वाढला आणि काळजीही वाढली. आपल्याकडचे लोक त्यांच्या कामातला जो भाग उचलू पाहत आहेत, नेमक्या त्याच भागाने इथे सर्वात जास्त नुकसान केलं आहे.

आधी आदराविषयी. १८९० मध्ये शिकागोची लोकसंख्या १० लाखांच्या पुढे गेली होती, आणि त्यातले बहुसंख्य लोक स्वतः किंवा त्यांचे आईबाप परदेशातून आलेले होते. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख मुलं देशभर कामाला लागलेली नोंदली गेली. गिरणीत हात गेला तर तो कामगाराचा दोष. डब्यातल्या मांसात काय आहे, औषधाच्या बाटलीत काय आहे, हे विचारायचा हक्क कुणाला नव्हता. तिथपासून वीस-पंचवीस वर्षांत किती बदललं! १९०६ मध्ये अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा आणि मांस तपासणीचा कायदा झाला. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलची मक्तेदारी मोडली. १९१३ मध्ये आयकराची घटनादुरुस्ती झाली, १९२० मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. आज मी दुकानातून दुधाचा डबा बिनधास्त उचलते, त्यामागे या लोकांचे कष्ट आहेत.

या सगळ्यांत मला सर्वात जवळची वाटते ती जेन अ‍ॅडम्स. १८८९ मध्ये तिने एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाऊस नावाचं घर उघडलं. सुखवस्तू घरातल्या शिकलेल्या बाया इटालियन, ग्रीक, ज्यू, बोहेमियन कामगारांच्या वस्तीत राहायला गेल्या. पाळणाघर, वाचनालय, रात्रीचे वर्ग, नाटक, स्नानगृह असं करत करत तेरा इमारती उभ्या राहिल्या. त्या छताखाली कोण कोण घडलं! फ्लॉरेन्स केलीने घरोघर फिरून शिवणकामाच्या कोंदट खोल्यांची पाहणी केली. तिच्या खटपटीने १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी झाली आणि बायकांसाठी आठ तासांचा दिवस ठरला. ती स्वतः राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक झाली. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं, तरी तिने हाय खाल्ली नाही. डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टनने शिशाच्या विषबाधेचा माग काढला आणि १९१९ मध्ये हार्वर्डमधली पहिली स्त्री अध्यापक झाली. बालगुन्हेगारांसाठी वेगळं न्यायालय देशात प्रथम इथे, १८९९ मध्ये, सुरू झालं.

मेरी केनी नावाची एक पुस्तकबांधणी कामगार होती, तिची गोष्ट मला विशेष वाटते. तिला या बड्या घरच्या बायांचा संशय यायचा. अ‍ॅडम्सने तिला विचारलं, तुझ्या कामात आम्ही काय मदत करू? केनी आणि तिच्या मैत्रिणींना हवी होती स्वतः चालवायची खाणावळ आणि राहण्याची जागा, म्हणजे संप झाला तरी भाडं थकलं म्हणून कुणी मुलगी परत कामावर धावणार नाही. अ‍ॅडम्सने पहिल्या महिन्याचं भाडं भरलं, बाकी सगळं मुलींनी चालवलं. पुढे केली निरीक्षक झाली तेव्हा तिच्या हाताखालच्या निरीक्षकांत ही केनीही होती.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते, कारण हल हाऊसलाही एक नगरसेवक भेटला होता. जॉनी पॉवर्स त्याचं नाव, १९व्या वॉर्डाचा. लाकडी पेट्यांतून कचरा ओसंडून वाहत असायचा, मुलं मरायची, आणि कचरा उचलायचं कंत्राट वशिल्याने जायचं. १८९५ मध्ये अ‍ॅडम्सने स्वतः कंत्राटासाठी निविदा भरली. ती तांत्रिक कारणाने फेटाळली गेली, पण महापौरांनी तिला वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. पहाटे उठून ती गाड्यांमागे फिरायची. एका रस्त्यावर तर अठरा इंच घाण उपसल्यावर खाली फरसबंदी सापडली. मग हल हाऊसने पॉवर्सला पाडायचा चंग बांधला. चांगले उमेदवार उभे केले, त्याच्या भ्रष्टाचाराचे पुरावे मांडले. पॉवर्स दर वेळी निवडून आला.

१८९८ मध्ये अ‍ॅडम्सने हा माणूस का निवडून येतो यावर एक लेख लिहिला, आणि तो आजच्या कुठल्याही मराठी शहराला लागू पडेल. पॉवर्स नोकरी लावतो. वॉर्डातल्या २,६०० माणसांना सरकारी पगारावर चढवल्याची बढाई मारतो. पोरगा पोलिसांनी धरला तर सोडवून आणतो, मयताचा खर्च करतो, नाताळात घरोघर टर्की पाठवतो. तो लुटतो हे लोकांना ठाऊक आहे. पण अडल्या वेळी दारात येणारा तोच एक आहे. अ‍ॅडम्सने मतदारांना मूर्ख म्हटलं नाही. सुधारकांची नीती लांबून उपदेश करते आणि पॉवर्सची मदत आज रात्री हातात पडते, हे तिने आपल्याच लोकांना सुनावलं.

बहुतेक सुधारकांनी यातून अगदी उलटा धडा घेतला. लोक असे मत देतात तर वॉर्डच नकोत, असं त्यांनी ठरवलं. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरावर सप्टेंबर १९०० मध्ये वादळ आलं, किमान ६,००० माणसं गेली. पुनर्बांधणीसाठी तिथे नगरसेवकांऐवजी मोजक्या आयुक्तांचं मंडळ आलं. कारभार चोख झाला आणि देशभर त्याची नक्कल सुरू झाली. १९१३ मध्ये ओहायोच्या डेटनमध्ये पूर आला, तिथेही एका मोठ्या कारखानदाराच्या पुढाकाराने जुनी नगरपालिका गेली. सगळ्या शहराने मिळून पाच जण निवडायचे, त्यांनी व्यावसायिक मॅनेजर नेमायचा. माझ्या उपनगरातला मॅनेजर याच वंशातला.

डेटनचे आकडे पाहा. १९११ मध्ये वॉर्ड होते तेव्हा समाजवादी पक्षाला २५ टक्के मतं पडली आणि त्यांचे पाच जण पदांवर निवडून आले, त्यांत दोन नगरसेवक. वॉर्ड गेल्यावर १९१३ मध्ये त्यांना ३५ टक्के मतं पडली, जागा शून्य. १९१७ मध्ये ४४ टक्के, जागा शून्य. कामगार वस्त्यांचा आवाज मतपेटीत वाढत होता आणि सभागृहात तो पोचतच नव्हता. आमच्या इलिनॉय राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड. १९११ मध्ये तिथेही वॉर्ड मोडून आयुक्त पद्धत आली. त्यानंतर पाऊणशे वर्षांत त्या मंडळावर एकही कृष्णवर्णीय माणूस निवडून आला नाही. नागरिकांना न्यायालयात जावं लागलं आणि १९८७ मध्ये वॉर्ड परत आले. लिंकनचं शहर आहे हे, म्हणून जास्त लागतं.

पुण्यात २०१७ ची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांनी झाली. प्रभाग मोठा झाला की प्रचाराचा खर्च वाढतो, पक्षाचं पॅनेल लागतं, आणि झोपडपट्टीतली एखादी कामसू बाई स्वतःच्या ओळखीवर निवडून येणं अवघड होतं. मुंबईत एक प्रभाग एक नगरसेवक अशी पद्धत राहिली. हा फरक मला टक्केवारीइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण आमच्या फोनवरच्या गप्पांत त्यावर कधी पाच मिनिटंही बोलणं होत नाही.

चुलतभावाच्या शिकलेल्या मतदाराचं इथे काय झालं, तेही सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी साक्षरतेची अट घातली ती निवडणुका 'शुद्ध' करायच्या नावाखाली. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ च्या नव्या राज्यघटनेत साक्षरतेची आणि मालमत्तेची अट आली, गोऱ्यांसाठी पळवाट ठेवली गेली, आणि १९०४ मध्ये ते मतदार उरले सुमारे १,३००. भ्रष्टाचार थांबावा म्हणून आपण हे करतो आहोत, असं म्हणणारी सज्जन माणसं त्यांत होती. उत्तरेतही नोंदणीचे कडक नियम आले. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ७९ टक्के मतदान झालं होतं, १९२० मध्ये ते ४९ टक्क्यांवर आलं. स्त्रियांना नुकताच हक्क मिळाला होता हे एक कारण, पण घसरण त्याआधीपासून चालू होती. आपल्याकडे राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये आणि हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाचा कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वैध ठरवला. हरियाणातल्या गरीब आणि दलित घरांतल्या किती बाया त्या अटीने बाद झाल्या असतील याचा विचार करवत नाही. शाळा नाकारली समाजाने, आणि शिक्षा त्यांना.

मग नगरसेवकछाप राजकारण्यांकडून कधी काही चांगलं झालं का? न्यूयॉर्कमध्ये झालं. २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आठवा, नववा, दहावा मजला. नवव्या मजल्यावरचं दार कुलूपबंद होतं, अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जण गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुण मुली. दोन वर्षांपूर्वी याच कारखान्यातल्या मुली संपावर गेल्या होत्या, तेव्हा मालकांनी संघटना मानली नव्हती. आगीनंतर मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये बड्या लोकांनी शोकसभा घेतली. त्या सभेत रोझ श्नायडरमन ही कामगार कार्यकर्ती उभी राहिली आणि म्हणाली, इथे गोडगोड बोलले तर त्या जळालेल्या देहांशी बेइमानी होईल. कामगारांना वाचवायचं तर कामगारांनीच, हे तिने त्या सभेला तोंडावर सांगितलं.

चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख होते रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ. दोघंही टॅमनी हॉलचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या सर्वात बदनाम राजकीय टोळीचे. सुधारकांना जी माणसं राजकारणातून हाकलायची होती, तीच ही. कामगारांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्सने ती आग रस्त्यावरून पाहिली होती. तिने या दोघांना कारखान्यांत नेलं. वॅग्नरला आगीतून बाहेर पडायची म्हणून सांगितलेली वाट स्वतः सरपटत पार करायला लावली. भिंतीतलं एक भोक, आणि पलीकडे बर्फाने माखलेली लोखंडी शिडी. त्या आयोगातून कामाची सुरक्षा, कामाचे तास, मुलांची मजुरी यांवर तीसहून अधिक कायदे झाले. टॅमनीला ज्यू आणि इटालियन मतं हवी होती, म्हणून तिने ते होऊ दिले. मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही. मेलेल्या मुलींच्या भावांकडे आणि बापांकडे मत होतं, आणि ते मत कामी आलं. पर्किन्स १९३३ मध्ये देशाची कामगारमंत्री झाली. वॅग्नरच्या नावाचा १९३५ चा कायदा आजही इथल्या कामगार संघटनांचा आधार आहे.

ज्यांच्याकडे मत नव्हतं त्यांच्याशी हेच सुधारक कसे वागले, ते वाचताना त्रास होतो. १९०७ मध्ये इंडियाना राज्याने 'अयोग्य' ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढे तीसहून अधिक राज्यांनी तो उचलला. डॉक्टर, प्राध्यापक, समाजकार्यकर्ते, सगळे त्यामागे होते. विज्ञानाने समाज सुधारायचा हा त्यातलाच एक कार्यक्रम होता. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या गरीब मुलीवर ज्या घरात ती वाढत होती तिथल्या नातेवाइकाने बलात्कार केला, असं तिने पुढे सांगितलं. तिला मूल झालं, मग तिलाच 'मतिमंद' ठरवून संस्थेत टाकलं. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९२७ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदी वैध ठरवली. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन, जिचं नाव पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत लागलं आणि जी आठव्या वर्षी वारली. त्या आठांमध्ये लुई ब्रँडाइस होते. १९०८ मध्ये काम करणाऱ्या बायकांच्या तासांवर मर्यादा यावी म्हणून सामाजिक पाहणीचे ढीगभर पुरावे न्यायालयात मांडणारे वकील हेच. एकाच माणसाने दोन्ही केलं. देशभर ६०,००० हून अधिक माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली.

मराठी वाचकाला इथे १९७६ आठवायला हवं. आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आपल्याकडेही शिकलेल्या घरांतून त्याचं समर्थन झालं, गाड्या वेळेवर धावतात याचंही झालं. विरोधी नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, लोकसभेची निवडणूक पुढे ढकललेली होती. १९७७ मध्ये मत द्यायची संधी मिळाली तेव्हा उत्तर भारतातल्या गोरगरिबांनी काँग्रेसचा धुव्वा उडवला, आणि त्यात नसबंदीचा राग मोठा होता. ज्यांना आपण अडाणी मतदार म्हणतो त्यांनी सक्तीची नसबंदी दीड-दोन वर्षांत थांबवली. अमेरिकेत संस्थांमध्ये कोंडलेल्यांना ती ताकद नव्हती, आणि तिथे ते कायदे कित्येक दशकं चालले. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी माफी मागितली ती २००२ मध्ये.

दारूबंदी या हिशेबात सरळ बसत नाही, हे मान्य करते. १९२० ते १९३३ ची बंदी अपेशी ठरली, पण ती मागणाऱ्यांत दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या लाखो बायका होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींना तेव्हा मतही नव्हतं. गडचिरोलीच्या बायकांचं म्हणणं त्याहून वेगळं नाही. चंद्रपूरमध्ये २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. ती आली होती लोकांच्या दबावातून. हा वाद मला अजून मिटलेला वाटत नाही.

अ‍ॅडम्सवर मी इतकं प्रेम करते, म्हणून तिच्याबद्दलची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९०१ मध्ये तिने झुंडबळींविरुद्ध लेख लिहिला, पण मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांनी बलात्कारासारखा गुन्हा केलाच असेल असं गृहीत धरून. शिकागोतच राहणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्सने आकडेवारी मांडून तिला छापील उत्तर दिलं. बहुतेक प्रकरणांत तो आरोप सुद्धा केलेला नव्हता, हे वेल्सने कितीतरी वर्षं खपून गोळा केलं होतं. दोघींनी पुढे एकत्र कामही केलं. पण ऑगस्ट १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचं अधिवेशन शिकागोत भरलं, तेव्हा दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना आत बसू दिलं नाही. जाहीरनाम्यात बालमजुरीबंदी होती, स्त्रियांचा मताधिकार होता, आठ तासांचा दिवस होता. अ‍ॅडम्सने त्या प्रतिनिधींसाठी शब्द टाकला, तो मानला गेला नाही, आणि तरीही तिने रूझवेल्टच्या उमेदवारीला अनुमोदन दिलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या मताधिकाराच्या मिरवणुकीत वेल्सला मागे चालायला सांगितलं गेलं. ती ऐकली नाही, इलिनॉयच्या तुकडीत घुसून चालली.

आपल्याकडे हे भांडण जोतीरावांनी आधीच केलं होतं. 'गुलामगिरी' त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण धाडलं तेव्हा मात्र ते गेले नाहीत. जे आम्हाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्याशी आमची एकी कशी होणार, असं त्यांनी लेखी कळवलं. रानडे सज्जन होते, अ‍ॅडम्सही सज्जन होती. फुल्यांनी आणि वेल्सने सज्जनपणावर भागवून घेतलं नाही.

हा विषय मला पुस्तकी वाटत नाही, कारण इथे बरीच वर्षं मी कर भरत होते आणि मला मत नव्हतं. मुलीच्या शाळेने तेव्हा घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवायचं ठरवलं. हेतू मदतीचाच होता, आणि आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मुलगी इंग्रजीत गोष्टी लिहीत होती. आम्ही पालक बैठकीला गेलो, बोललो. ज्यांना शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत होतं त्यांच्याकडे मंडळाचे सदस्य वळून बघत होते, आमच्या बोलण्याची नुसती नोंद होत होती. काका, प्रशासक म्हणजे असंच असतं. तो भला असेल तर तुमचं ऐकतो. वस्तीतल्या पाण्याच्या टाकीसाठी धुण्याभांड्यांची कामं सोडून महापालिकेत खेटे घालणाऱ्या बाईला तो भला निघण्याची वाट पाहावी लागते. तुम्ही ट्वीट करता, तुमचा खड्डा बुजतो.

हल हाऊसचंही शेवटी असंच झालं. १९६१ मध्ये महापौर डेली यांनी हॉल्स्टेड रस्त्याची ती वस्ती विद्यापीठासाठी पाडायचं ठरवलं. लहानपणी हल हाऊसमध्ये शिकलेली फ्लॉरेन्स स्काला शेजाऱ्यांना घेऊन लढली, १९६३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. संस्थेच्या विश्वस्तांनी तोवर जागा सोडून दिली होती. हजारो माणसं उठली. तेरापैकी दोन इमारती राहिल्या, त्यांत आता संग्रहालय आहे. धारावीच्या पुनर्विकासात पात्र कोण आणि अपात्र कोण याच्या याद्या वाचते तेव्हा मला स्काला आठवते.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे या साऱ्या धामधुमीच्या ऐन मध्यावर. जॉन ड्यूईंसारखे त्या चळवळीतले विचारवंत त्यांचे शिक्षक होते. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार त्यांनी आपलासा केला. तज्ज्ञांच्या हाती कारभार द्यायचा आणि अडाण्यांना मतापासून दूर ठेवायचं, हा त्याच काळातला दुसरा विचार त्यांनी घेतला नाही. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला, तोही बहुसंख्य निरक्षर असलेल्या आपल्या माणसांसाठी. भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कृष्णवर्णीयांना तो खऱ्या अर्थाने १९६५ च्या कायद्यानंतर मिळाला.

म्हणून काका, अमेरिकेतून उचलायचंच असेल तर हे उचला. इथल्यासारखी दर बैठकीची विषयपत्रिका आधी जाहीर व्हावी आणि इतिवृत्त आठवड्यात वाचायला मिळावं. कंत्राट कुणाला, किती रुपयांना, हे घरबसल्या दिसावं. ७४व्या घटनादुरुस्तीने सांगितलेल्या प्रभाग समित्या खऱ्याखुऱ्या भराव्यात, संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर लोकांना येता येईल अशा वेळी, आणि तिथे कुणालाही तीन मिनिटं बोलता यावं. प्रभाग लहान असावा, एका नगरसेवकाचा. आयुक्त हुशार असू दे, अभियंता तुमच्यासारखा असू दे. आणि महापालिकेची मुदत संपण्याआधीच निवडणूक घ्या, अशी मागणी तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने करावी. निवेदनाचा मसुदा मी लिहून पाठवते.